पाठीमागचा हात

खिळखिळ्या ट्रोट्रो व्हॅनमधून उतरलो आणि पहिलं पाऊल टाकणार, तोच मागून कुणीतरी माझा कंबरपट्टा धरला. घट्ट धरला. खाली पाहिलं तर गटारावरची फरशी गायब. कंबरभर खोल गटार, तळाला काळं पाणी. "अहो मास्टर, डोळे गाडीतच विसरलात की काय?" मागची बाई म्हणाली. डोक्यावर केळ्यांची परात, एक हात परातीला आणि दुसरा माझ्या पट्ट्याला. तिचे आभार मानायला हवे होते. माझ्या तोंडातून निघालं, "आहे." "काय आहे?" "काही नाही." "काही नाही म्हणे! हाडं मोडली असती म्हणजे कळलं असतं काय आहे ते," असं म्हणून हसत हसत ती गर्दीत शिरली. मी तिथेच उभा. पट्ट्याजवळ, मणक्यापाशी, तिच्या चार बोटांची जागा मला अजून जाणवत होती. कातड्याचा पट्टा, सुती शर्ट, आत घाम. एवढ्यातूनही माणसाचा हात स्पष्ट कळतो. तो आहे की नाही, हे विचारावं लागत नाही. अम्पोन्साला विचारावं लागायचं. का विचारावं लागायचं, हे या अख्ख्या कुमासी शहरात एकट्या मला ठाऊक आहे.

मला सगळे मास्टर म्हणतात. सुआमे मॅगझिनमध्ये, जिथे देशभरच्या मेलेल्या गाड्या येतात आणि तुकड्यातुकड्यांनी पुन्हा रस्त्यावर जातात, तिथे माझं वेल्डिंगचं दुकान आहे. बोआदू हे माझं नाव फक्त दोन माणसं घ्यायची. एक माझी आई. दुसरा बारा वर्षांपूर्वी दुकानात आला तो मासिकातून फाडलेलं एक पान घेऊन. लग्नं, मयती, ट्वी भाषेतले सिनेमे, जे मिळेल ते कॅमेऱ्यात पकडून पोट भरणारा सडपातळ माणूस. पानावर एका गोऱ्याचा फोटो. छातीला चिलखत बांधलेलं, चिलखतातून एक लोखंडी भुजा निघालेली, भुजेच्या टोकाला कॅमेरा. "हे करून दे," अम्पोन्सा म्हणाला. "हे आहे काय पण?" "माणूस पळतो, पण कॅमेरा पळत नाही." "मग कॅमेरा काय करतो?" "तरंगतो." "ताप आलाय का रे तुला?" मी विचारलं. तो हसला नाही. म्हणाला, "विकत घ्यायचं तर माझं घर विकावं लागेल, आणि मला घर नाही. तू सायलेन्सर जोडतोस, हे का नाही जमणार?" झालं. मला कुणी 'का नाही जमणार' म्हटलं की संपलं. माझ्या आईलाही हे ठाऊक होतं, म्हणून ती मला कधी शाळेत जा म्हणाली नाही, शाळेत जाऊन दाखव म्हणाली.

तीन महिने लागले. भुजेला ट्रोट्रोच्या सीटखालच्या स्प्रिंगा. सांध्याला मोटरसायकलच्या हँडलची बेअरिंग, रॉकेलमध्ये सात वेळा धुतलेली. दांडा अँटेनाच्या नळीचा, वर कॅमेरा आणि खाली वजनाला टॅक्सीच्या ब्रेकची कापलेली चकती. तोल साधला की नाही हे बघायची एक रीत आहे. दांडा आडवा धरायचा आणि सोडून द्यायचा. धाडकन उभा राहिला तर खाली वजन जास्त, उभाच राहिला नाही तर कमी. सावकाश, एक, दोन, तीन मोजेपर्यंत तो सरळ व्हायला हवा. ज्या दिवशी तो तिसऱ्या आकड्याला उभा राहिला आणि तिथेच थांबला, त्या दिवशी आम्ही दोघे त्याच्याकडे बघत राहिलो. भोवती हातोडे चाललेले, शेजारी कुणीतरी इंजिनाला आईबहिणीवरून शिव्या देत होता, आणि आमच्यासमोर कसल्याशा लोखंडाचा तुकडा अगदी गप्प उभा. अम्पोन्सा हळूच म्हणाला, "बोआदू, हा श्वास धरून उभा आहे." चिलखताच्या आतली गादी त्याच्या बायकोनं, सेर्वानं शिवून दिली. तिचं शिवणकामाचं दुकान होतं, हात पक्का. पाठीवर मधोमध तिनं एक रुंद पट्टा लावला, दुहेरी दोऱ्याची चौकोनी शिवण घालून, कारण कॅमेरेवाला बऱ्याचदा उलटा चालतो. नट समोरून येतो, तो मागे मागे जातो. त्याला मागचं दिसत नाही. कुणीतरी पट्टा धरून मागे राहावं लागतं, वळण आलं की पट्टा ओढून वळवावं लागतं. ते काम पहिल्या दिवसापासून माझं. यंत्र माझं, म्हणून पाठही माझी.

आता मुद्द्याचं सांगतो, कारण इथपर्यंत मी सगळ्यांना सांगत आलो आहे, इथून पुढचं कुणालाच नाही. पहिल्या चिलखताला गाडीच्या सीटबेल्टची बक्कलं होती. दाबलं की खटकन सुटायची. चित्र छान येत होतं, लोक खूश होते, अबोआजी नावाचा दिग्दर्शक तर अम्पोन्साशिवाय सिनेमा काढेनासा झाला. पण मला चित्रात एक बारीक थरथर दिसायची. दुसऱ्या कुणाला दिसायची नाही. पाऊल टेकलं की बक्कल कणभर सरकायचं, आणि पडद्यावर भिंतीची कड कणभर हलायची. माझी झोप उडाली. माणसाला दातात अडकलेलं काही जसं जिभेनं सारखं चाचपावंसं वाटतं, तसं मी ती थरथर शोधत बसायचो. शेवटी मी बक्कलं काढून टाकली. छातीच्या आणि पाठीच्या पत्र्याला चार बोल्ट घातले, वर तेरा नंबरच्या नट्या, पान्यानं आवळायच्या. पाठीला बसच्या अंगाचा जाड पत्रा. थरथर गेली. पूर्ण गेली. अम्पोन्सानं घालून पाहिलं, श्वास घेऊन पाहिला, आणि विचारलं, "यातून बाहेर कसं पडायचं?" मी खिशातला पाना काढून त्याच्या नाकासमोर नाचवला. "मी कुठे जातोय? मी तर तुझ्या मागेच असतो." तेव्हापासून त्याला माझा हात जाणवायचा बंद झाला. जाड पत्र्यातून काय जाणवणार? म्हणून तो विचारायला लागला. दहा-बारा पावलं झाली की, "आहेस ना?" आणि मी मागून, "आहे." कित्येक वर्षं. सेटवरचे लोक आमची टिंगल करायचे. "नवराबायको सुद्धा एवढं विचारत नाहीत रे!" आवाज नंतर पुसून टाकता यायचा, सिनेमात दुसरे आवाज भरायचेच होते. चित्रपट शंभर झाले असतील, त्या प्रत्येकाच्या तळाशी हे दोन शब्द पुसलेले आहेत.

सेर्वाचा फोन सकाळी आला होता. "कॅमेऱ्याचं कार्ड निघालं, मास्टर. आदूम बाजारातल्या त्या फोन दुरुस्तीवाल्या पोरीनं तांदळात ठेवून, काय काय करून काढलं. सगळं आहे त्यावर. या." तिचा आवाज अगदी सपाट. मी म्हणालो, दुकानात काम आहे, संध्याकाळी येतो. ती म्हणाली, "आत्ता या." शनिवारी मयत. चाळीस दिवस अम्पोन्सा बर्फात पडून आहे, कारण परदेशातले भाऊबंद येईपर्यंत आमच्याकडे कुणाला असंच पुरत नाहीत. भिंतीभिंतीवर त्याचे फोटो लागले आहेत, खांबावर, सलूनच्या दारावर, माझ्या दुकानाच्या शटरवर सुद्धा. काळ्या-लाल चौकटीत तो हसतो आहे, खाली वय, खाली कुळाच्या मोठ्या माणसांची नावं, आणि सगळ्यात खाली, मित्रमंडळींमध्ये, माझं नाव पहिलं. रोज शटर वर करताना त्याचा चेहरा दुमडत दुमडत वर जातो. परवा वेल्डिंग करताना मुखवटा डोळ्यांवर ओढला, काळोख झाला, आणि त्या काळोखात अगदी जवळून ऐकलं, "आहेस ना?" मी म्हणालो, "आहे." शेजारचा मेकॅनिक म्हणाला, "कोण आहे, मास्टर?" मी म्हणालो, गॅस संपलाय का बघत होतो. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कामाला लागला. हल्ली माझ्याशी कुणी फार बोलत नाही. सगळे सांभाळून घेतात. बिचारा, जिवलग मित्र गेला त्याचा.

तो दिवस असा. शहरापासून दोन तासांवरचं खेडं, हरमटान वाऱ्याची धूळ, सूर्य पिठात बुडवल्यासारखा. अबोआजीचा सिनेमा, त्यात एक आंधळी आई रानातून मुलाला शोधत येते. नटीच्या डोळ्यांवर पांढरी पट्टी. पायवाट सरळ जाते आणि मग उजवीकडे वळते. वळणाच्या डावीकडे कुणीतरी कधीतरी सोनं शोधायला खणलेला खड्डा, पाण्यानं भरलेला, वर पानांची साय. तो खड्डा मी पाहिला होता. हे मी सांगतो आहे, की मी तो पाहिला होता, आणि वळणावर ओढायचं हे मनात ठरवलं होतं. त्या दिवशी अबोआजीनं एक नवी गोष्ट आणली होती. छोटासा पडदा, तारेशिवाय चालणारा, आंब्याखाली स्टुलावर ठेवलेला. कॅमेऱ्यात जे येतं ते त्याच क्षणी त्यात दिसायचं. बारा वर्षं मी अम्पोन्साच्या मागे चाललो. बारा वर्षं मी काय बघितलं? त्याची मान. मानेवरचा घाम, कॉलरची कळकटलेली कड, उजव्या कानामागचा तीळ. माझं यंत्र चालताना मी कधी पाहिलंच नव्हतं. जे दिसायचं ते महिन्यांनी, दुसऱ्यांसोबत, टीव्हीवर. त्या आंब्याखालून जाताना तो पडदा माझ्यापासून पाच-सहा पावलांवर चमकत होता. मला वाटलं, एक, दोन, तीन. दांड्याला सरळ व्हायला लागतात तेवढेच. तेवढ्यात जाऊन बघतो आणि वळणाआधी पुन्हा धरतो.

मी पट्टा सोडला. अबोआजी पडद्यात डोकं घालून होता, मी शेजारी वाकलो. आणि देवा, काय दिसत होतं ते! आंधळी आई येत होती, आणि आख्खं रान तिच्याबरोबर तरंगत होतं. एक पान हललं नाही जे हलायला नको होतं. माझ्या हातांनी, भंगारातून. अम्पोन्सानं विचारलं, "आहेस ना?" आणि मी पडद्यावरून नजर न काढता म्हणालो, "आहे." एक, दोन, तीन झालं होतं. चार झालं. मग पडद्यातली नटी हळूहळू वर सरकली, झाडांचे शेंडे आले, पांढरं आकाश आलं, आणि मला आधी वाटलं, वा, काय सुंदर घेतलं यानं. नंतर पाण्याचा आवाज आला, तो मात्र पडद्यातून आला नाही.

मी उडी मारली. पाणी पिवळं, दाट. हाताला पत्रा लागला. मी नट्या बोटांनी फिरवत होतो. बोटांनी! पान्यानं आवळलेल्या नट्या. पाना खिशात होता, हे मला आठवेपर्यंत किती वेळ गेला ते मला माहीत नाही आणि कुणी सांगू नये. त्याचा एक हात माझ्या मनगटावर होता, मग नव्हता. दोन नट्या निघाल्या. दोनच. मग गावकऱ्यांनी दोर टाकून आम्हा दोघांना ओढून काढलं, आणि मी उरलेल्या दोन नट्या गवतावर काढल्या, अगदी सहज, जशा दुकानात काढतो.

संध्याकाळी त्याच्या आईच्या कुळातले लोक बसले. प्रमुख म्हातारा, काठीवर हनुवटी टेकवून. "धरलं कुणी होतं?" "मी." "मग?" "पट्टा निसटला." "निसटला म्हणजे? झोपला होतास?" अबोआजी जमिनीकडे बघत होता. त्यानं मला आंब्याखाली पाहिलं होतं की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही, आणि त्यानं आजतागायत माझ्या डोळ्यांत बघितलेलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "शिवण उसवली." दोनच शब्द. बोललो आणि तेव्हा दाराशी सेर्वा उभी दिसली. तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. पंजे उलटे करून, सुलटे करून, एवढंच. दुसऱ्या दिवशी पोलिस चिलखत न्यायला येणार होते. ते यायच्या आधी मी दुकानात शिवणीत पातं घातलं आणि पट्ट्याची एक बाजू मोकळी केली. दोरा तिचा, दुहेरी. तुटता तुटेना. आठव्या दिवशी कुळाच्या रीतीप्रमाणे आम्ही दारू घेऊन खड्ड्यावर गेलो, त्याला घरी बोलवायला. म्हातारा म्हणाला, ज्यानं शेवटचं धरलं त्यानं हाक मारावी. मी हाक मारली. "अम्पोन्सा, चल, घरी चल." दारू पाण्यात पडली, पानांची साय जराशी फाकली. सगळे थांबले होते. मी एकटाच असा उभा होतो की जणू मला काहीतरी विचारलं गेलं आहे आणि उत्तर द्यायचं राहिलं आहे.

सेर्वाच्या घराचं अंगण मोठं, पाच बिऱ्हाडांचं, एका टोकाला आंबा. शनिवारसाठी साफसफाई चाललेली. अंगणाच्या मागच्या कडेला गटारावरच्या फळ्या काढून उभ्या करून ठेवल्या होत्या, गाळ उपसून काठावर टाकलेला. ती काळं नेसून बाकावर बसली होती. शेजाऱ्याचा लॅपटॉप स्टुलावर. शिवणयंत्र खोलीच्या दारात. गेल्या खेपेला आलो तेव्हा त्यावर चादर होती. आज चादर नव्हती, सुईत काळा दोरा ओवलेला होता. मयतीचे कपडे असतील, मी म्हटलं. "बसा, मास्टर. पाणी?" "नको." "पेज आहे सकाळची." "नको, सेर्वा." "मग बघा."

तिनं बटण दाबलं. रान. आंधळी आई. सुकल्या पानांचा चुरचुर आवाज, अम्पोन्साचा श्वास, मायक्रोफोनच्या अगदी जवळ. तो श्वास ऐकला आणि माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, कारण मानेशी तो श्वास ऐकायची मला सवय नव्हती, मी नेहमी उलट्या बाजूला असायचो. "आहेस ना?" "आहे." माझा आवाज, त्याच्या श्वासाला लागून. पावलं. "आहेस ना?" "आहे." पुन्हा लागून. पावलं, पावलं, पावलं. "आहेस ना?" मध्ये कुठेतरी बकरी ओरडली. मग, "आहे." बारीक, आंब्याखालून. मग नटी वर सरकली, शेंडे, आकाश, पांढरंशुभ्र, आणि पाण्याची पिवळी रेघ खालून वर चढत आली, सरळ, गवंड्यानं पाणसळ लावून बघावी इतकी सरळ. माणूस मागे कोसळत होता आणि चित्र हललं नाही. मला त्या क्षणी पहिलं जे वाटलं ते सांगायची लाज वाटते. मला अभिमान वाटला. सेर्वानं बटण दाबून ते थांबवलं.

"हा तुमचाच आवाज ना?" "हो." "तिन्ही वेळा?" "तिन्ही वेळा." कुठल्यातरी बिऱ्हाडात कुणीतरी उखळात फुफूचे उकडलेले कंद कुटत होतं, धप्, धप्. "कुळातले म्हणताहेत, शनिवारी मोठ्या पडद्यावर दाखवायचं. शेवटपर्यंत काम करत होता, आणि मित्र पाठीशी होता, असं लोकांना दिसेल. मी म्हणाले, मास्टरांना विचारते. दाखवू?" मला कळलं, सुटका समोर आहे. मयतीचे कर्णे कसले असतात ते मी जाणतो. त्यांतून लांबचं-जवळचं काही कळत नाही, सगळंच ओरडतं. चारशे माणसं ऐकतील, "आहेस ना?" "आहे." बायका रडतील. माझ्या पाठीवर हात फिरवतील. एक 'हो' म्हणायचं. माझं तोंड उघडलंही. आणि नजर तिच्या पंजांवर गेली. मांडीवर ठेवलेले, उताणे, अजून तसेच, त्या संध्याकाळसारखे. कुणी परत घ्यायला येईल अशा वस्तू सांभाळाव्यात तसे तिनं ते ठेवले होते.

"सेर्वा," मी म्हणालो, "शिवण उसवली नव्हती."

मग मी सगळं बोललो. पडदा, आंबा, एक-दोन-तीन. बोल्ट. थरथर. बोटांनी फिरवलेल्या नट्या. पातं. शेवटी शेवटी मी काय बोलत होतो ते मलाच ऐकू येत नव्हतं, फुफूची धप् धप् तेवढी येत होती. मी रडत होतो बहुतेक. ती नव्हती.

"ओढून तुटलेल्या दोऱ्याला टोकाला मिशा येतात," ती म्हणाली. "कापलेला दोरा गुळगुळीत. सतरा वर्षं शिवते मी. पोलिसांनी चिलखत परत दिलं त्याला आठ दिवस झाले. पिशवीतून काढलं आणि पहिल्यांदा शिवण बघितली. बत्तीस दिवस मी नवऱ्याला मारणारी बाई होते, बोआदू. बत्तीस दिवस मशीनला हात लावला नाही. पोरीचा फाटलेला शाळेचा झगा शेजारणीकडे दिला शिवायला. शेजारणीला वाटलं, दुःख आहे म्हणून." तिनं मला नावानं हाक मारली होती. "मग आठ दिवस वाट बघितली. म्हटलं, येईल. आज येईल, उद्या येईल. तू आलास, पाववालीकडून पाव घेऊन आलास, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवलास, गेलास. मग मी कार्ड दुरुस्तीला दिलं. आज बोलला नसतास तर शनिवारी सगळ्यांसमोर वाजवणार होते. आणि थांबवून विचारणार होते, पट्टा धरलेल्या माणसाचा आवाज इतक्या लांबून येतो का?"

ती उठली. आत गेली, आणि चिलखत घेऊन आली. सांध्यांत अजून पिवळी माती. भुजा काढलेली, दांडा नाही, नुसतं चिलखत. पाठीचा पट्टा तिनं पुन्हा शिवला होता. नवा काळा दोरा, दुहेरी, चौकोनी शिवण, आधीपेक्षाही बारीक टाके. "बघ, ओढून बघ." मी ओढला. "निघेल?" "नाही." "घाल."

मी घातलं. ते माझ्या मापाचं नव्हतं. माझ्या छातीला आवळत होतं, खांद्यांत सैल. "पाना असेलच खिशात." मी पाना दिला. ती माझ्यासमोर गुडघ्यावर बसून, गिऱ्हाईकाचं माप घेताना बसते तशी, एकेक नटी आवळत गेली. खालच्या दोन आधी, मग वरच्या. श्वास पत्र्याला टेकायला लागला. मी बारा वर्षं हे दुसऱ्या माणसाला घालत आलो होतो आणि एकदाही मला कळलं नव्हतं की आत असं असतं. आपलं हृदय आपल्यालाच भांड्यात कुणी चमचा वाजवावा तसं ऐकू येतं, आणि बाहेरचं काही कळत नाही. तिनं पाना स्वतःच्या कमरेला खोचला.

"आता चाल." "कुठे?" "मागे."

अंगणाची मागची कड माझ्या डोळ्यांसमोर होती. म्हणजे पाठीमागे होती. फळ्या काढलेलं गटार. पंधरा पावलं असतील, किंवा वीस. "सेर्वा, मागे ते..." "माहीत आहे. त्यालाही मागे कुणीतरी आहे हे माहीत होतं. चाल, मी पट्टा धरते." ती माझ्या मागे गेली. दारातलं शिवणयंत्र माझ्यासमोर राहिलं, आणि लॅपटॉपवर थांबलेली पिवळी रेघ. मी पहिलं पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. फुफू कुटायचा आवाज थांबला, कुणीतरी बाई दारात येऊन आमच्याकडे बघायला लागली. तिसरं, चौथं. मी पाठीवर लक्ष एकवटलं, सगळं अंग पाठीत आणून ठेवलं. पाठीला काही कळत नव्हतं. ना बोटं, ना ओढ, ना तिचा श्वास. बसचा जाड पत्रा, मीच निवडलेला, मीच ठोकून सपाट केलेला. सातवं. आठवं. उपसलेल्या गाळाचा वास यायला लागला. मान वळवता येत नव्हती, वरच्या नट्या तिनं नीट आवळल्या होत्या. दहावं पाऊल झालं आणि घशातून ते आपोआप आलं. माझ्या आवाजात आलं, पण शब्द त्याचेच होते.

"सेर्वा, आहेस ना?"

थोडा वेळ काही नाही. मग डाव्या बाजूनं, लांबून, अंगणाच्या त्या टोकाच्या आंब्याखालून तिचा आवाज आला.

"आहे."

मी आणखी एक पाऊल मागे टाकलं.